सुईचा धडा

२३ जून, सोमवार

...मग पीठ चाळून घेतलं, परातीत आधण ओतलं आणि तवा तापेपर्यंत कोंबड्यांना कण्या टाकल्या. अंगणातला केर कोपऱ्यात लोटून ठेवला, भरायचा तो नंतर. चहा गाळून सरांच्या उजव्या हाताला उंबऱ्यावर ठेवला. ते उंबऱ्यावरच बसले होते, अंगणाकडं तोंड, माझ्याकडं पाठ, मांडीवर टॅब. मी पहिली भाकरी थापायला घेतली.

एवढीच ती सकाळ. त्या दिवशी विशेष काही झालं नाही. कुणी आलं नाही की गेलं नाही. पण ती सकाळ माझ्यापाशी सगळीच्या सगळी आहे, कारण ती टॅबमध्ये राहून गेली. सर धडा बोलत होते आणि माझी कामं त्यात आपोआप भरली गेली. बादलीची कडी वाजते. कोंबडी ओरडते. भाकरी थापल्याचा आवाज तर सारखाच. मधेच मी म्हणते, "अहो, चहा निवला." नववा धडा आहे तो, सुईचा.

तो चहा त्यांनी निवूनच घेतला. शेवटच्या दोन-तीन वर्षांत ती खोडच लागली होती त्यांना. मी रोज त्यावरून बोलायची.

आज शाळेत खिचडीला फोडणी देताना ही सकाळ एकदम आठवली. सरांच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी सापडली, म्हणून लिहून ठेवलं.

२५ जून

वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: अमृतराव, सहशिक्षक, वर्ग सहावा ते आठवा. गाव त्यांना सर म्हणायचं, मग मीही सरच म्हणायला लागले. नवऱ्याचं नाव घ्यावं लागायचं नाही, तेवढीच सोय.

दीड वर्ष झालं. मुदखेडला प्रशिक्षण होतं, पोरांना टॅबवर कसं शिकवायचं त्याचं. सकाळी गेले ते छातीत दुखून तिथंच गेले. टॅबच्या प्रशिक्षणाला गेले आणि टॅब घरी विसरले. विसरले म्हणून तो मला राहिला.

पुढच्या जूनपासून मी शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागले. बायका म्हणाल्या, सरांची बाई आणि चुलीपुढं? पोटाचा प्रश्न नव्हता. सकाळ घरात जाईना. शाळेच्या शेडमधून सहावीच्या वर्गाची खिडकी दिसते, तेवढं पुरतं.

२९ जून, रविवार

लेकीचा लातूरहून फोन आला. म्हणाली, "आई, तो टॅब फेकून दे, बॅटरी फुगली की फुटत्यात असले." खरं आहे, पाठीमागून तो टम्म फुगलाय. रात्रभर चार्जरला लावला तर कसाबसा तासभर चालतो. मी म्हणाले, हाव, बघते.

फेकत नाही. एक गोष्ट कुणालाच माहीत नाही, ती इथं लिहिते.

मी दुसरीत शाळा सोडली. लग्न होऊन देगलूरच्या बाजूला या गावात आले तेव्हा अक्षर म्हणून ओळखू येत नव्हतं. सरांनी पहिल्याच वर्षी विचारलं, "शिकवू का?" मी म्हणाले, "तुमच्या शाळंतली पोरगी हाय का मी?" मला लाज वाटली होती. त्यांना ते लागलं असावं. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही, कधी पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसले नाहीत. वीस वर्षं.

मग त्यांनी हे धडे सुरू केले. आमच्या गावात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, काही घरांत कानडी. सहावीत आलेल्या पोरांनासुद्धा मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी सरांनी स्वतःच्या मनानं एकतीस छोटे धडे लिहिले आणि टॅबमध्ये बोलून ठेवले. हळूहळू बोलायचे. एक वाक्य झालं की थांबायचे. "मी थांबतो. घाई नाही," असं म्हणायचे. धडे मोठ्या कागदावर ठळक लिहायचे आणि शाई वाळायला स्वयंपाकघरात टांगायचे, पिठाच्या डब्याच्या वर. स्केचपेनची शाई ती, पण दोन-दोन दिवस तिथंच टांगलेली.

मी भाकरी थापताना त्यांच्या पाठीमागं ओठ हलवायची. आवाज काढायची नाही. ते कागद बघायची, वाक्य ऐकायची, सर थांबले की मनात म्हणायची. दोन वर्षांत मला वाचता यायला लागलं, आणि पिठात बोटानं गिरवून लिहिताही. माझं मी शिकले, त्यांना पत्ता लागू दिला नाही.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जेवणं झाली की पेपर हातात घेऊन मोठ्यानं वाचून दाखवायचं, असं ठरवलं होतं. बघत राहिले असते. ते मुदखेडला गेले तेव्हा येळवस आठ दिवसांवर होती.

मला वाचता येतं हे त्यांना कळलंच नाही.

२ जुलै, बुधवार

सहावीच्या वर्गात भिंतीएवढा टीव्ही बसवला. बोटानं लिहिता येतं त्याच्यावर. माझ्याबरोबर खिचडी करणारी रत्नम्मा दारात उभी राहून बघत होती.

"एवढा मोठा कशाला, अक्का? ह्याच्यावर पापड वाळू घालायचेत का?"

"पोरं शिकतेत त्याच्यावर."

"टीव्ही बघून शिकत असतेत तर माझी सून कलेक्टर झाली असती."

वर्गावर यंदा पुनम मॅडम आल्यात, चाकूरच्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. स्कूटीवर येतात, खिचडी आमच्याबरोबर बसून खातात. त्यांनी धडा लावला. आत एक बाई भराभरा बोलत होती, चित्रं पळत होती. पोरं खूश. नंतर मॅडमनी एकेकाला उभं करून वाचायला लावलं. टीव्ही ऐकतो आणि चुकलेला शब्द लाल करतो. रत्नम्माची नात आरती उभी राहिली. पहिली ओळ सगळी लाल झाली. दुसरीही लाल. तिनं पुढं वाचलंच नाही, खाली मान घालून उभी राहिली. ती धरून असे अकरा जण निघाले.

"त्याला म्हणावं, चार दिवस आमच्या घरी येऊन ऱ्हा," रत्नम्मा डाळ धुता धुता म्हणाली. "कोण लाल होतंय बघू मंग."

हसली, पण पाणी तीनदा बदललं. एरवी दोनदाच बदलते.

७ जुलै

पुनम मॅडम शेडमध्ये आल्या. त्यांनी मोबाइलमध्ये एक गंमत दाखवली. एका पोराचं वाचन भरून घेतलं होतं, मागं पंखा घरघरत होता. त्यांनी कुठंतरी बोट लावलं आणि पंखा गेला. बाहेरची पोरं गेली, चिमण्या गेल्या. पोरगा तेवढा उरला. रिकाम्या विहिरीत एकटाच बसून वाचतोय असं वाटलं.

मग म्हणाल्या, "काकू, सरांचे धडे टॅबमध्ये आहेत असं ऐकलं. मोठी पोरं सांगतात, फार हळू आणि छान शिकवायचे. मला द्या ना. असेच साफ करून टीव्हीवर लावते. ह्या अकरा पोरांना तेच लागतंय."

मी म्हणाले, टॅब बिघडलाय.

"मी दुरुस्त करून आणते लातूरहून."

"न्हाई व्हायचा आता."

खोटं बोलले. घरी येऊन टॅब लावला, सुईचा धडा ऐकला. "सुई हरवली." थांबले. "घरभर शोधली." थांबले. माझी भाकरी वाजत होती. हे सगळं पुसून सर एकटेच ठेवायचे? मग ते कुठं बसलेत, कुणाच्या घरात, काय कळणार?

१० जुलै, गुरुवार

आज आरती मिठाचा पुडा उचलून म्हणाली, "मौशी, ह्याच्यावर काय लिव्हलंय?"

मी सहज वाचून दाखवलं. ओलावा लागू देऊ नये, झाकून ठेवावे.

ती बघतच राहिली. "तुमाला येतंय?"

"येतंय थोडं."

"कोण शिकवलं?"

"कुणी न्हाई. माझी मी."

"एवढ्या मोठ्या झाल्यावर?"

"हाव."

"मंग मला कामून येईना?"

मी पुडा तिच्या हातातून घेऊन डब्यात ठेवला. मला वाचता येतं हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. पहिल्यांदा कळलं ते या पोरीला, तेही मिठाच्या पुड्यावरून. आणि मी तिला अर्धं खोटं सांगितलं. माझं मी शिकले खरं, पण एकतीस धडे ऐकून. ते धडे माझ्या ट्रंकेत, साडीत गुंडाळून.

१४ जुलै, सोमवार

टॅब घेऊन गेले. मॅडमना म्हणाले, दुरुस्त झाला. त्यांनी कुणाकडून, कसा, काही विचारलं नाही. मी सांगून टाकलं: टॅब माझाच राहील, रोज घेऊन येईन, रोज घेऊन जाईन. मोठ्या टीव्हीत भरायचा नाही. आणि त्यातलं काही साफ करायचं नाही.

"पंख्याचा आवाज असला तरी?"

"पंखा न्हाई त्यात. भाकरी हाय."

मॅडम हसल्या. मी हसले नाही. "बरं काकू. जसा हाय तसा."

सरांचे मोठे कागद स्वयंपाकघरात अजून तसेच टांगलेले होते, तेही नेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांच्या जागा पांढऱ्या राहिल्यात, चौकोन चौकोन.

खिचडी शिजत असताना अर्धा तास ती अकरा पोरं खिडकीखाली टॅबभोवती बसतात, डोकी डोक्यांना लावून. आवाज फार बारीक आहे त्याचा. आरतीशिवाय कुणी हात लावायचा नाही असं सांगून मी शेडमध्ये येते. तिथून सरांचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. वर्गात असायचे तेव्हाही एवढाच यायचा असेल इथवर. तेव्हा मी कधी येऊन उभी राहिले नाही.

२३ जुलै

पोरं वाचायला लागली. सगळी नाही, सहा-सात. आरती सगळ्यांत पुढं.

पण मजा झालीय. पोरांना त्या धड्यातलं काय धड्याचं आणि काय आमच्या घरचं ते कळत नाही. जे ऐकू येतं ते सगळं पाठ. चौथ्या धड्यात बादली वाजते, तिथं एक पोरगं बाकावर टिचकी मारतं. सहाव्यात सर खोकतात, तर सगळी अकरा पोरं खोकतात. कोंबडी ओरडते तिथं मागच्यानं कोंबडी काढली. पुनम मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "राहू द्या. वाचतेत ना, कोंबडीसकट वाचू द्या."

दुपारी भांडी घासताना त्या टॅब घेऊन माझ्याजवळ बसल्या.

"काकू, सर धडे कुठं भरायचे?"

"स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर."

"दुसरी खोली नव्हती?"

"होती की. समोरची, निवांत. पण तिथं बसायचे न्हाईत. उंबऱ्यावर उजेड बरा म्हणायचे."

"आवाज भरायला उजेड कशाला लागतो?"

याचा मी कधी विचार केला नव्हता. म्हणाले, "त्यांचं तसंच."

त्या टॅबमध्ये काहीतरी बघत होत्या. "ह्या तारखा दिवाळीच्या सुट्टीतल्या. ह्या मे महिन्यातल्या. तेव्हा तर शाळाच नव्हती, काकू."

"सुट्टी करमायची न्हाई त्यांना."

"आणि धडे बघा. तवा, सुई, कणगी, चहा, फाटलेली गोधडी. पोरांसाठी म्हणून एकसुद्धा क्रिकेटचा न्हाई."

"त्यांना दुसरं सुचायचंच न्हाई. सुई तर माझीच हरवली होती त्या आठवड्यात. कणगीजवळ सापडली, तर तसंच लिहून मोकळे."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. काहीतरी बोलणार होत्या. मग पाणी प्यायला म्हणून उठल्या आणि परत आल्याच नाहीत. घागर शेडमध्येच होती.

चांगली मुलगी आहे. कधी कधी एकदम गप्प होते, घरची आठवण येत असेल.

३० जुलै

आज धार धरून पाऊस, वर्गात निम्मी पोरं. टॅब दोनदा बंद पडला. काळजी वाटते. मॅडम म्हणाल्या, "एकदा उतरवून घेऊ द्या काकू, हा गेला तर सगळंच जाईल." मी विचार करते म्हणाले. विचार असा काही केला नाही. रात्रभराचं चार्जिंग, सकाळी पिशवीतून शाळा, दुपारी घर. त्यांची नोकरी चालू असल्यासारखं वाटतं. डबा तेवढा द्यायचा राहतो.

सगळ्या धड्यांत मिळून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मी चहाचं म्हणते, पाणी तापलं म्हणते, दूध आलं म्हणते. पलीकडून काही नाही. धडा चालू असायचा, कसं बोलतील. पण एकदा तरी बोलायचं होतं. कसलंही चाललं असतं.

४ ऑगस्ट, सोमवार

केंद्रप्रमुख आले होते, साहेबराव साहेब. मोठ्या टीव्हीचा उपयोग कसा चाललाय ते बघायला. मॅडमनी आधी टीव्हीवरचं दाखवलं. मग म्हणाल्या, "सर, ही अकरा पोरं जूनमध्ये अक्षर वाचत नव्हती. आता बघा." आणि आरतीला उभं केलं. मी आणि रत्नम्मा दारात. रत्नम्माचा हात माझ्या दंडावर, नखं रुतेपर्यंत.

आरतीनं कागद धरला. नववा धडा.

"सुई हरवली," तिनं वाचलं. आणि थांबली. साहेब वाट बघत राहिले.

"घरभर शोधली." पुन्हा थांबली. मग मान वळवून, अगदी माझ्या आवाजात, "अहो, चहा निवला!"

साहेबांनी टेबलाकडं बघितलं. टेबलावर काही नव्हतं.

"कुठं हाय चहा? मॅडम, पोरगी म्हणून राहिली निवला, आन् इथं तर कपबी दिसंना."

वर्ग फुटला हसून. रत्नम्मा तोंडात पदर कोंबून भिंतीकडं वळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरती एकटी हसली नाही. ती धड्यात होती. हसू थांबायची वाट बघितली आणि एकदम खालच्या आवाजात, शेजारच्यालाच सांगावं तसं, म्हणाली:

"असू दे. तू म्हण आधी."

आणि मग पुढचं वाक्य, पुन्हा मोठ्यानं. "सुई कणगीजवळ सापडली."

साहेब शाबास म्हणाले. दुसऱ्या एका कागदावरचंही वाचून घेतलं तिच्याकडून, नुसतं पाठ नाही ना म्हणून. तिनं वाचलं. रत्नम्मा माझ्या दंडाला धरून रडायला लागली. मी तिला थोपटलं असेल, लक्ष नाही.

खिचडी वाढताना आरतीला बाजूला घेतलं.

"ते मधलं कुणी शिकवलं तुला? तू म्हण आधी, ते?"

"सरच म्हणतेत ना त्यात, मौशी."

"न्हाई म्हणत. मी हजारदा ऐकलाय."

"म्हणतेत. लई हळू. भाकरीच्या आवाजात. टॅबला कान चिटकवावा लागतोय." मग माझ्याकडं बघून जरा घाबरली. "धड्यातलं न्हाई का ते?"

"हाय," मी म्हणाले. "धड्यातलंच हाय."

६ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवस वही उघडली नाही. आता क्रमानं लिहिते.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर दार लावलं, टॅब चार्जरला लावला आणि उंबऱ्यावर बसले, ते बसायचे तिथं. नववा धडा लावून कान चिकटवला. भाकरी. माझीच थापट, एकीवर एक. अहो, चहा निवला. पुन्हा थापट. पुन्हा लावला. काही नाही. माझे कान फोडणीनं गेलेत म्हणावं तर कोंबडी ऐकू येत होती. दुसरा कान लावला. पाच-सहा वेळा झालं असेल.

मग आलं. दोन थापटींच्या मधल्या जागेत.

आणि त्यानंतर ते थांबतात. तो थांबा मी नेहमी ऐकलाय, बाकी थांब्यांपेक्षा लांब आहे. मला वाटायचं चहा पीत असतील. पण तो चहा तर त्यांनी धडा संपल्यावर घेतला होता.

त्या सकाळी मी ओठ हलवले होते का, ते वाक्य मनात म्हटलं होतं का, आठवत नाही. किती आठवायचा प्रयत्न केला. पीठ चाळल्याचं आठवतं, कण्या टाकल्याचं आठवतं, केर कोपऱ्यात लोटल्याचं आठवतं. तेवढंच नेमकं आठवत नाही.

टॅब तापला म्हणून काढून ठेवला. स्वयंपाकघरात गेले, भिंतीवरचे पांढरे चौकोन बघितले. ते पिठाच्या डब्यावर, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येतात. मी भाकरी थापायला बसते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी टॅब पुनम मॅडमच्या हातात दिला आणि म्हणाले, मोठ्या टीव्हीत उतरवून घ्या, भाकरीसकट. त्यांनी उतरवला आणि नववा धडा लावला. मी खिचडीखालचा जाळ ओढून घेतला, हात धुतले, वर्गात जाऊन आरतीच्या शेजारी सतरंजीवर बसले, आणि सर "दोरा अजून सुईतच होता" म्हणून थांबले तेव्हा ते वाक्य मोठ्यानं वाचलं.